तळटीपेत हरवलेला तोनी

बाप्तिस्म्याच्या नोंदीत सुईणीचं नाव दिसलं की मी आधी उठून चहा ठेवतो. पुढे काय असणार ते मला आता पाठ झालंय. मूल घरी जन्मलं, जन्मतःच अशक्त होतं, चर्चपर्यंत न्यायला वेळ नव्हता, म्हणून सुईणीनेच जवळच्या भांड्यातलं पाणी त्याच्या डोक्यावर घालून ठरलेले शब्द म्हटले. नंतर पाद्रीबाबाने तिला बोलावून खोदून खोदून विचारलं, पाणी खरंच घातलंस ना, शब्द बरोबर म्हटलेस ना, आणि समाधान झाल्यावर वहीत लिहिलं की बाप्तिस्मा वैध आहे. हे सगळं दोन ओळींत असतं. त्या दोन ओळी मी इटालियनमधून इंग्रजीत करतो, आणि मग गार झालेला चहा पितो.

मी भिका. वय अडुसष्ट, मुक्काम जळगाव. धंदा म्हणाल तर इटलीतल्या खेड्यापाड्यांतल्या चर्चच्या जुन्या वह्या इंग्रजीत आणणे. हे सांगितलं की लोक माझ्याकडे बघतात आणि मग माझ्या बायकोकडे बघतात. शोभा म्हणते, "खरं आहे हो, मलाही आधी पटत नव्हतं."

इटालियन कुठे शिकलात, हा पुढचा प्रश्न. मशीनखाली शिकलो. मी पाइपच्या कारखान्यात फिटर होतो. आमचे शेठ मारवाडी, शब्दाला पक्के आणि हिशेबी डोक्याचे. त्यांनी इटलीहून मोठं मशीन आणलं आणि त्याच्याबरोबर ब्रुनो नावाचा एक धिप्पाड माणूस आला. शेठ मला म्हणाले, "भिकाभाऊ, हा साहेब दोन वर्षं राहणार. ह्याच्या मागे सावलीसारखे फिरा. तो गेल्यावर मशीन बंद पडलं तर मी कुणाला फोन करू?" मी फिरलो. ब्रुनोला इंग्रजी येत नव्हतं, मला येत होतं ते मॅट्रिकपुरतं. तो नट दाखवायचा आणि शब्द म्हणायचा, मी वहीत लिहायचो. नट अडकला की जे म्हणायचा तेही लिहायचो. पुढे कळलं की त्या शिव्या होत्या. तोवर त्या पाठ झालेल्या होत्या.

पुढे मी आठ महिने तिकडे जाऊन आलो, मशीनची पुस्तकं भाषांतरित करू लागलो, इंग्रजीही त्या निमित्ताने घासूनपुसून घेतलं. रिटायर झाल्यावर इंग्लंडमधल्या एका एजन्सीचं काम मिळालं. तिथल्या हेलनबाईंनी पहिल्यांदा मशीनची पुस्तकं दिली. मग एक दिवस विचारलं, जुनी चर्चची कागदपत्रं करशील का? ज्यांचे आजे-पणजे इटलीतून अमेरिका-ऑस्ट्रेलियाला गेले, त्या लोकांना आता आपलं मूळ शोधायचं असतं. मी म्हटलं, इटालियन आहे ना, मग काय अवघड आहे! असं बोललं की देव कान टवकारून ऐकतो.

पहिल्याच कागदात मी आपटलो. चर्चची डागडुजी, मेणबत्त्या, घंटेचा दोर हे सगळं बघणारी गावातल्या चार शहाण्यांची एक मंडळी असते, तिला इटालियनमध्ये फाब्ब्रिचेरिया म्हणतात. माझं आयुष्य कारखान्यात गेलेलं. मी डोळे झाकून लिहिलं, फॅक्टरी. वेदीवरच्या मेणबत्त्या फॅक्टरीने पुरवाव्यात, छप्पर गळतंय ते फॅक्टरीला कळवावं. हेलनबाईंचा निरोप आला, "भिका, दोनशे वर्षांपूर्वी डोंगरावर कसली फॅक्टरी होती?" मी आठ दिवस कुणाला तोंड दाखवलं नाही.

त्या दिवशी मी एक जाड वही आणली आणि तीन रकाने आखले. पहिल्यात इटालियन शब्द, तिसऱ्यात इंग्रजी, आणि मधल्यात आपल्याकडे त्याला काय म्हटलं असतं ते. फाब्ब्रिचेरिया म्हणजे देवळाची पंच कमिटी. सक्रेस्तानो म्हणजे चर्च झाडणारा, पूजेची वस्त्रं सांभाळणारा, घंटा वाजवणारा, म्हणजे आपला गुरव. दर वर्षी ईस्टरच्या सुमारास पाद्री घरोघर जाऊन कोण राहतं, कोणी पापाची कबुली दिली, कोण टाळतंय हे लिहायचा. त्या वहीला ते 'आत्म्यांची स्थिती' म्हणतात. मधल्या रकान्यात मी लिहिलं, गावकामगाराची खानेसुमारी, पण देवाच्या वतीने. मधला रकाना भरल्याशिवाय तिसऱ्याला हात लावायचा नाही, हा माझा नियम. अर्थ आधी घरात यावा लागतो, मग तो परदेशी पाठवता येतो.

गिऱ्हाइकं एकेक नमुने असतात. एका अमेरिकन दाताच्या डॉक्टरांनी ठरवलं होतं की त्यांचे खापरपणजोबा मोठे धर्माधिकारी होते. कागदावर तर स्वच्छ सक्रेस्तानो. मी इंग्रजीत गुरव केला. डॉक्टर भडकले, एजन्सीमार्फत तीन पत्रं आली, जरा वरचा शब्द बसत नाही का? मी कळवलं, "महाराज, तुमचे खापरपणजोबा रोज पहाटे उठून सगळ्या गावाला जागं करायचे. ते झोपले असते तर बिशपही झोपला असता." त्यानंतर पत्र आलं नाही. नंतर कळलं, डॉक्टरांनी दवाखान्यात एक पितळी घंटा टांगली.

अशा गोष्टींमुळे माणसाला माज चढतो, मलाही चढला. आपल्याला आता ह्या वह्यांमधलं सगळं कळतं असं वाटू लागलं. ज्या चुकीबद्दल लिहायला बसलोय, ती त्या माजातून झाली.

ती काय होती ते सांगण्याआधी, मला तेव्हा माहीत नसलेली गोष्ट तुम्हाला सांगून टाकतो. ऑस्ट्रेलियात मारिया नावाच्या एक आजी आहेत, वय चौऱ्याण्णव. इटलीच्या डोंगरातल्या एका खेड्यात जन्मल्या, लग्नानंतर तिकडे गेल्या. त्यांचा धाकटा भाऊ तोनी, पूर्ण नाव अंतोनियो, तोही गेला, तिथे संसार केला, म्हातारा होऊन वारला. पण मारियाआजी जन्मभर एकच सांगत आल्या. हा तोनी दुसरा. ह्याच्या आधी आमच्याकडे आणखी एक तोनी होता. मी पाच वर्षांची होते, सुईणीने निळ्या काठाच्या वाडग्यातून त्याच्या डोक्यावर पाणी घातलं ते मी पाहिलंय. तो गेला. त्याच्याबद्दल कुणी बोलायचं नाही असं ठरलं आणि सगळे त्याला विसरले.

घरात कुणी मानलं नाही. आईवडील कधी बोलले नाहीत, बाकीची भावंडं धाकटी. तोनी स्वतः हसायचा, "मारिया, तो तोनी असेल तर मग मी कोण?" दर नाताळला हा विनोद व्हायचा. आजींची मुलगी क्लारा, शाळेतून निवृत्त झालेली बाई. तिला वाटलं, आईच्या डोळ्यांदेखत हे एकदाचं मिटवावं. तिने त्या गावच्या पाद्रींकडून बाप्तिस्म्याच्या वहीची छायाचित्रं मागवली आणि एजन्सीकडे दिली. एजन्सीकडून ती माझ्या टेबलावर आली. कुणासाठी, कशासाठी, हे आम्हाला सांगत नाहीत. तसा नियमच आहे.

माझ्यासमोर दोन नोंदी होत्या. आईबाप तेच, मुलाचं नाव तेच, अंतोनियो. पहिलीत सुईणीने घरी दिलेला बाप्तिस्मा. दुसरी चौदा महिन्यांनंतरची, चर्चमध्ये दिलेला बाप्तिस्मा. दुसरीत जन्मतारखेच्या जागी कागदाला पाणी लागून शाई फुटलेली.

आता ह्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. सुईणीने पाणी घातलेलं मूल जगलं, तर पुढे त्याला चर्चमध्ये नेऊन राहिलेले सोपस्कार पुरे करतात. तेल लावायचं, मेणबत्ती द्यायची, वगैरे. एकाच मुलाच्या म्हणून दोन नोंदी सापडतात. बहुधा काही दिवसांच्या अंतराने, पण मी एकदा दहा महिन्यांचं अंतरही पाहिलं होतं. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाच्या वतीने उभा राहणारा धर्मपिता परदेशी होता, त्याची वाट बघत बसले होते. त्यामुळे दोन अंतोनियो बघून मला कोडं पडलंच नाही. मी मिशीत हसलो. लिहून टाकलं, आणि खाली आपल्या अकलेची तळटीप जोडली: दुसरी नोंद त्याच मुलाच्या राहिलेल्या सोपस्कारांची दिसते.

खरं तर कागद ओरडून सांगत होता. दुसऱ्या नोंदीत पाद्रीने 'सोपस्कार पुरे केले' असं लिहिलं नव्हतं, 'बाप्तिस्मा दिला' असं लिहिलं होतं. मी त्याला आळशी ठरवलं. धर्मपिता आणि धर्ममाता दोन्ही नोंदींत वेगळे होते. मी म्हटलं, असतील बदलले. छायाचित्रात पानाची डावी कड कापली गेली होती, ती मागवायला हवी होती. मृत्यूची वही मागवायला हवी होती. एवढं सगळं समोर असून दोन वेगळी मुलं असतील हा विचार माझ्या डोक्याला शिवलासुद्धा नाही.

का नाही शिवला? तर मी भिका आहे म्हणून.

खान्देशात ज्यांनी बालपण काढलं त्यांना माझ्या नावाचा अर्थ सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. घरात एकामागून एक मुलं जायला लागली की पुढच्या मुलाला चांगलं नाव ठेवायचं नाही. त्याला सुपात घालायचं, शेजारणीच्या ओटीत टाकायचं, आणि पसाभर धान्य देऊन तिच्याकडून परत भीक मागून आणायचं. तो भिका. नाहीतर दगडू, नाहीतर उकिरड्यावर लोळवून आणलेला उखर्डू. हे पोर कुणाला नको असलेलं आहे, असं मरणाला वाटावं म्हणून ही सारी फसवाफसवी. माझ्या आधीचे दोन भाऊ गेले होते. त्यातला एक नाव ठेवायच्या आधीच गेला. दुसऱ्याचं नाव काय होतं ते मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. गेलेल्याचं नाव आमच्या घरात तोंडातून काढत नसत. अशा घरातल्या माणसाला, मेलेल्या मुलाचं नाव पाठच्या मुलाला कुणी मुद्दाम ठेवील, हे सुचणार कुठून? एका बापाची दोन पोरं आणि नाव एकच, म्हणजे पोरगं एकच. माझं गणित सुटलं होतं.

काम पाठवलं आणि विसरलो.

दोनेक महिन्यांनी बारशाला गावी गेलो. पिंपळनेरजवळ आमचं खेडं. माझी थोरली बहीण, अक्का, तिथेच असते. वय सत्त्याहत्तर, कंबरेतून वाकलेली, जीभ मात्र ताठ. तिच्या नातवाला मुलगा झाला होता. बायका पाळण्याभोवती जमल्या होत्या आणि नाव कोणतं ठेवायचं ह्यावर गलका चालला होता. नातसुनेने मोबाइलमध्ये बघून दहाबारा नावं वाचली आणि म्हणाली, "अक्का, आनंद कसं वाटतं?"

"ते नाव ठेवू नका," अक्का फटकन म्हणाली.

"काब्र? चांगलं तं शे!" कुणीतरी कारण विचारलं.

"नही म्हणजे नही."

पोरींनी एकमेकींकडे बघितलं आणि दुसरं नाव काढलं. मला मात्र राहवेना. जेवणं झाल्यावर ओट्यावर अक्काच्या शेजारी जाऊन बसलो आणि विचारलं, अक्का, आनंद नावाचं एवढं काय वावडं? तिने पदराचं टोक पिळलं. मग म्हणाली, "तुन्हा मोठा भाऊनं नाव शे ते. आनंदा. पाच महिनाना व्हता. मी त्याले कडवर लिसन फिरू. बठ्ठा इसरी गयात. मी इसरनी नही."

अडुसष्ट वर्षांचा झालो तेव्हा मला माझ्या भावाचं नाव कळलं. अक्का एकदा सुटली ती सुटलीच. म्हणाली, "तू उना तव्हय बाप म्हणे, ह्याले बी आनंदाच म्हणू. नाव चांगलं शे, पोऱ्या गया तं नाव काब्र वाया जाऊ देवानं? मायनी ठेवू दिन्हं नही. ती म्हणे, त्या नावनी वाट मरणले माहीत शे."

म्हणजे माझ्या बापाला तेच नाव पुन्हा ठेवायचं होतं! आई आडवी आली म्हणून मी भिका झालो, नाहीतर आमच्या घरातही एकापाठोपाठ दोन आनंदा झाले असते.

त्या क्षणी मला फक्त माझा भाऊ दिसत होता. अंतोनियो आठवला तो दुसऱ्या दिवशी, धुळ्याच्या स्टँडवर. जळगावची गाडी लागायची होती, उसाचा रस हातात होता, आणि एकदम त्या दोन नोंदी डोळ्यांपुढे आल्या. दोन वेगळे धर्मपिते. 'बाप्तिस्मा दिला.' चौदा महिने. पोऱ्या गया तं नाव काब्र वाया जाऊ देवानं? रसाचा पेला तसाच राहिला.

तिथूनच हेलनबाईंना लिहिलं, की त्या अंतोनियोच्या कामात माझी चूक झाली असावी, ती दोन मुलं असू शकतात. त्यांचं उत्तर मी घरी पोचायच्या आत आलं. "तुला खात्री आहे?" मी लिहिलं, "नाही. मागच्या वेळी होती, तिथेच घोटाळा झाला." बाई कडक आहेत, पण खऱ्या आहेत. त्यांनी गिऱ्हाइकाला विचारलं आणि क्लाराचं पत्र मला जसंच्या तसं पाठवलं. वर सांगितलेली मारियाआजींची सगळी हकिगत मला त्या पत्रातून कळली. शेवटी क्लाराने लिहिलं होतं, "तुमची टीप मी आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, मग मीच वेडी असणार. त्यानंतर ती त्या बाळाबद्दल बोलत नाही. मला आधी वाटलं बरं झालं. पण आता ती कशाबद्दलच बोलत नाही."

ते वाचून मी माझी ती तळटीप पुन्हा उघडून बघितली. माझं काम भाषांतराचं, आणि मी निकाल देऊन बसलो होतो. चौऱ्याण्णव वर्षांची बाई, जन्मभर एका पोराची एकटी साक्षीदार. इतकी वर्षं घरच्यांनी हसण्यावारी नेलं तरी ती हटली नाही, आणि जळगावच्या एका फिटरच्या एका ओळीने गप्प झाली. शोभाला सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "आजी आहेत ना अजून?" तोच घोर मलाही लागला होता. त्या वयाला काही भरवसा असतो का? मी चूक सुधारीन आणि ती ऐकायला आजीच नसतील, ह्या भीतीने मला दुसरं काही सुचेना.

कड न कापलेलं छायाचित्र आणि मृत्यूच्या वहीतलं त्या चौदा महिन्यांचं पान हवं होतं. त्या पाद्रीबाबांकडे पाच गावांची पाच चर्चं, टपाल बघायला फुरसत कुठली? हेलनबाईंच्या परवानगीने मीच त्यांना इटालियनमध्ये पत्र लिहिलं. शोभाने मागून डोकावून विचारलं, "त्यात ब्रुनोच्या शिव्या नाहीत ना?" नव्हत्या. चारदा तपासलं होतं.

पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. दुसरं काम हातात धरवेना. रोज सकाळी संगणक उघडायचा, काही नाही, बंद करायचा. शोभा म्हणाली, "अहो, बघून बघून ते लवकर येणार आहे का?" तिसऱ्या आठवड्यात, मी भाजी आणायला निघालो असताना, मोबाइल वाजला. पायातली चप्पल तशीच ठेवून आत आलो.

पाद्रीबाबांनी एक शब्दही न लिहिता तीन छायाचित्रं पाठवली होती. पहिल्यात पानाची डावी कड शाबूत होती, आणि पहिल्या अंतोनियोच्या नावापुढे छोटासा क्रूस काढलेला होता. हे मूल वारलं, ह्याची ती खूण. दुसऱ्या छायाचित्रातल्या अंतोनियोपुढे काही नव्हतं. तिसरं छायाचित्र मृत्यूच्या वहीचं. अंतोनियो, अमक्याचा मुलगा, वय अकरा दिवस, सुईणीने घरी बाप्तिस्मा दिलेला, दफनभूमीत मुलांच्या कोपऱ्यात पुरला. खाली पाद्रीची सही.

मी मोठ्याने ओरडलो, "शोभा, दोन आहेत!" ती पिठाच्या हातांनी धावत आली. शेजारच्या बाईंना वाटलं, आमच्याकडे जुळे नातू झाले.

बसल्या बैठकीला भाषांतर केलं. ह्या वेळी तळटीप नाही. जे लिहिलंय तेवढंच, जसंच्या तसं. फक्त हेलनबाईंना वेगळं पत्र लिहिलं, की आधीची टीप चुकीची होती, चूक सर्वस्वी माझी होती, आणि हे वाक्य कृपया आजींना वाचून दाखवावं. पाठवलं आणि पुन्हा वाट बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी निरोप आला. आजी आहेत. आणि आजींना माझ्याशी बोलायचंय. हुश्श! जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

सकाळी दहाला व्हिडिओ कॉल लागला, त्यांच्याकडे दुपार कलली होती. पडद्यावर क्लारा, आणि तिच्या शेजारी उशांना टेकून बसलेली एक चिमुकली म्हातारी, पांढरे केस नीट विंचरलेले. मी माफी मागायचं वाक्य पाठ करून ठेवलं होतं. तिने ते सुरूच होऊ दिलं नाही.

"तू कुठल्या गावचा?" तिने इटालियनमध्ये विचारलं. "बोलतोस तर आमच्याकडच्या मेकॅनिकसारखा."

"मी मेकॅनिकच आहे, आजी."

ती खुदकन हसली. क्लारा चकित होऊन आईकडे बघत राहिली. नंतर तिने लिहिलं, ते हसू तिने जवळजवळ तीन महिन्यांनी पाहिलं होतं.

"आजी, माझ्यामुळे तुम्हाला त्रास झाला," मी म्हटलं. "तुमचं खरं होतं. मी चुकलो."

"मला माहीत होतं ना," ती म्हणाली. "पण कागदात नाही म्हटल्यावर मला वाटलं, कागदापुढे आपण कोण? सांग बघ, त्या वहीत वाडग्याचं काही लिहिलंय?"

"नाही आजी, वाडग्याचं नाही."

"निळ्या काठाचा होता," ती म्हणाली. "ते तू लिहून ठेव."

मी माझ्या वहीत तिच्यासमोर लिहिलं आणि वही कॅमेऱ्यासमोर धरली. तिने मान हलवली. मग विचारलं, "तू चुकलास कसा?" आता काय सांगणार? मी सगळं सांगितलं. आमच्याकडे गेलेल्या मुलाचं नाव पुन्हा ठेवत नाहीत, मला सुपात घालून मागून आणलं, म्हणून मी भिका. अक्काचंही सांगितलं, की तीही तुमच्यासारखीच, लहान भावाला एकटीने लक्षात ठेवून बसलेली.

"त्याचं नाव काय?" तिने विचारलं.

ते नाव मी तोवर एकदाही मोठ्याने उच्चारलं नव्हतं. शोभा दारात उभी होती, तिने मानेने म्हटलं, सांगा. "आनंदा," मी म्हटलं. आजींनी ते दोनदा म्हणून बघितलं आणि क्लाराला म्हणाल्या, लिहून घे.

त्यांच्या चर्चमध्ये गेलेल्यांसाठी प्रार्थना सांगता येते. त्या आठवड्यात कुणाकुणासाठी प्रार्थना आहे त्यांची नावं कागदावर लिहून दाराशी लावतात. आजींनी इटलीतल्या आपल्या गावच्या पाद्रीबाबांना सांगून तोनीसाठी एक प्रार्थना लावली होती, आणि त्यात त्यांना आनंदाचंही नाव घालायचं होतं. मी गडबडलो. म्हटलं, "आजी, आमचा धर्म वेगळा, पाद्रीबाबांना चालेल का?"

"त्याने नाही म्हणून तर बघावं," चौऱ्याण्णव वर्षांची मारियाआजी म्हणाली.

पंधरा दिवसांनी क्लाराने त्या कागदाचं छायाचित्र पाठवलं. डोंगरातल्या त्या चर्चच्या दारावर, खिळ्याला अडकवलेला कागद, वरच्या कोपऱ्यात थोडा ओला झालेला. माझ्या आयुष्यात मी एवढा सोपा कागद भाषांतराला घेतला नाही, आणि एवढा वेळही कुठल्याच कागदाला लागला नाही. डोळे पुसायचे, मग पुन्हा वाचायचं.

इंग्रजी रकान्याची गरजच नव्हती. ह्या खेपेस मधल्या रकान्यावर थांबायचं होतं. शनिवारी कागद छापून घेतला आणि पिंपळनेरची गाडी धरली. अक्का ओट्यावर उन्हाला बसली होती, मांडीवर पणतू. मी शेजारी बसलो, कागद तिच्या हातात दिला आणि बोट ठेवून एकेक अक्षर वाचून दाखवलं. हा तोनी, मारियाचा भाऊ. आणि हा आनंदा, भिकाचा भाऊ. इटलीत, देवाच्या दारावर लावलाय. रविवारी सगळ्या गावासमोर नाव घेतलं त्याचं.

अक्काला वाचता येत नाही. तिने त्या नावावरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. मग माझ्याकडे बघितलं.

"त्याले तं रांगता बी येत नव्हतं रे भिका," ती म्हणाली. "इतला लांब कसा गया तो?"